आठ नगांचा वसंत

सोलापुरात वसंत येत नाही. संक्रांतीचा तिळगूळ डब्याच्या तळाला गेला की चार-दोन सकाळी हवा जरा माणसात येते, आणि पाचव्या दिवशी दहा वाजताच गच्चीवर अनवाणी जाता येत नाही. त्यामुळे मुलीने पुण्याहून फोनवर "आई, आपण तुझा स्प्रिंग वॉर्डरोब बिल्ड करूया" असं म्हटलं, तेव्हा मी आधी विचारलं, लाकडी की लोखंडी? ती हसत सुटली. मला मात्र सुतार बोलवायचा की नाही, हे खरंच कळलेलं नव्हतं.

वॉर्डरोब म्हणजे कपाट नव्हे, कपाटातले कपडे, आणि तेही मोजके, एकमेकांशी जुळणारे, असं तिने समजावून सांगितलं. ही चैन तिला सुचायचं कारण म्हणजे मी जानेवारीच्या शेवटच्या दिवशी निवृत्त झाले होते. हायस्कुलात एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि एकतीस वर्षं स्टाफ-साडी नेसले. आम्ही बाराजणी, सगळ्यांची साडी एक. दर तीन वर्षांनी रंग बदलायचा, आणि नवा रंग कोणता यावर स्टाफरूममध्ये अशी भांडणं व्हायची की परीक्षेचे पेपर तपासायचे राहून जायचे. शेवटचा रंग मोरपंखी होता. मी त्याच्या विरोधात होते.

त्यात मी डावखुरी. पदर डाव्या खांद्यावर आणि खडूही डाव्या हातात, त्यामुळे फळ्यावर लिहिलेलं निम्मं माझ्याच पदराने पुसलं जायचं. साडीला खिसा नसतो. तुटके खडू रुमालात बांधून कमरेला डावीकडे खोचायचे, आणि घरी आल्यावर परकराच्या नाडीतूनही भुकटी निघायची. नवी साडी निवडताना खिशाचा विषय मी दर वेळी काढला आणि दर वेळी सगळ्याजणी हसल्या.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी सवयीने मोरपंखी साडी नेसले, पिना लावल्या, डबा भरला आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत चालत गेले. तिथे गेल्यावर लक्षात आलं. परत फिरले. दारात आमचे हे कामावर जायला बूट घालत बसले होते. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, लेस बांधली आणि निघून गेले. अकरा वाजता मी ओट्याशी उभं राहून तो डबा खाल्ला आणि खाताना रडले. आज हे लिहायला लाज वाटत नाही, तेव्हा वाटली होती.

आमच्या ह्यांच्याविषयी आता सांगायला हवं. हे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर आहेत. मूळचे टेंभुर्णीकडचे, पण उमेदीची सगळी वर्षं सोलापुरातच गेली. सोलापुरात चादरी आणि टॉवेल होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुठल्या कुठल्या राज्यांतली पोरं इथे शिवलेल्या चड्ड्या घालून प्रार्थनेला उभी राहतात, हे आम्हालाच ठाऊक. शाळेत शिकवायचे मी, आणि गल्लीत मास्तर म्हणायचे ह्यांना. हा अन्याय मी मुकाट्याने सोसलेला नाही, पण सोसला.

ह्यांच्या टेबलावर कापड एकावर एक असं शंभर थर अंथरतात, वर कागदी नमुना ठेवतात, आणि यंत्राची पाती वरपासून खालपर्यंत एकदमच फिरते. एका फेरीत शंभर चड्ड्या. एक नग कापणं हा प्रकार ह्यांना माहीतच नाही. लग्नानंतर एकदा मी लाडात येऊन ब्लाउज बेतून मागितला, तर म्हणाले, "एकच? एकासाठी टेबल कोण लावतंय?" तेव्हापासून माझे ब्लाउज बाहेर शिवले जातात.

रस्त्याच्या पलीकडचा युनिफॉर्म हे चष्म्याशिवाय ओळखतात. माणसं मात्र ओळखू येत नाहीत. माझा सख्खा भाऊ एकदा समोर येऊन उभा राहिला, तर हे त्याच्या छातीकडे बघत म्हणाले, "बेचाळीसचा चव्वेचाळीस झालाय," आणि मग कुठे चेहऱ्याकडे बघितलं. माझ्या कपड्यांबद्दल लग्नापासून आजवर एक शब्द काढलेला नाही. चांगली दिसतेस नाही, वाईट दिसतेस नाही. स्टाफ-साडीचा रंग बदलला की तेवढा काठ बोटांनी चोळून बघायचे आणि "रंग जाणार" म्हणायचे. तो जायचाच.

शाळेने माझा निरोप समारंभ पाडव्याच्या आधीच्या शनिवारी ठेवला होता. मला फक्त एक गोष्ट हवी होती. त्या दिवशी माझ्या अंगावर असं काहीतरी असावं, जे हॉलमधल्या दुसऱ्या कुणाच्याही अंगावर नसेल. एकतीस वर्षं बारातली एक म्हणून वावरले, निघताना तरी एकदा मी म्हणून दिसावं. हे मी मुलीला फोनवर ओरडून सांगितलं. रेंज नव्हती म्हणून ओरडले, त्यामुळे आतल्या खोलीत ह्यांनाही शब्दन् शब्द ऐकू गेला असणार.

मुलगी उत्साहाने कामाला लागली. तिचा नियम असा, की नग आठच घ्यायचे, पण प्रत्येक नग बाकीच्या सातांबरोबर जायला हवा. त्यातून किती पोशाख होतात याचं गणित तिने मला सांगितलं. मी मराठीची, मी हो म्हटलं. आणि नेहमीच्या दुकानांतून घ्यायचं नाही, नव्या पोरापोरींनी नुकत्याच काढलेल्या लेबलांकडून घ्यायचं. त्याला दुकान म्हणायचं नाही, लेबल म्हणायचं. मी एकदा चुकून दुकान म्हणाले, तर तिने तिथल्या तिथे दुरुस्त केलं.

तिने पाठवलेले फोटो मी दुपारभर बघत बसले. प्रत्येक फोटोत एक हडकुळी मुलगी भिंतीकडे किंवा वाळलेल्या शेताकडे बघत उभी होती, घरात कुणाचं तरी आजारपण असावं तशी. रंगांची नावं होती ओला दगड, पहाटेचं धुकं, शेवाळ, जुनी वीट. ओला दगड आणि पहाटेचं धुकं या दोन्हीला आमच्याकडे करडा म्हणतात. एका ठिकाणी खाली लिहिलं होतं, की कापडात कुठे गाठ किंवा उणंअधिक धागा दिसला तर तो दोष समजू नये, तेच हातमागाचं सौंदर्य आहे. हे मला फार पटलं, म्हणून मी शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं. त्यांच्या घरात तीन पिढ्या माग चालतो. आपसात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. त्यांनी मान तिरकी करून विचारलं, "गाठ हाय?"

"हो. मुद्दाम आहे."

"मंग सेकंड माल की हो. आमी ते किलोवर देतो."

मी फोन बंद करून घरी आले आणि ऑर्डर देऊन टाकली.

पार्सलं एकेक करून यायला लागली. प्रत्येकाबरोबर एक सुकलेलं फूल आणि कागदातच बी घातलेली चिठ्ठी. चिठ्ठी वाचून झाल्यावर ती पेरायची, म्हणजे तुळस येते म्हणे. सात नग आले तोवर माझ्या खिडकीत चिठ्ठ्यांच्या तीन कुंड्या झाल्या होत्या. मग एका रविवारी सकाळी मी ह्यांना पेपरसकट खुर्चीत बसवलं आणि एकेक पोशाख घालून समोर आले.

पहिला पोशाख गडद निळी पँट आणि पहाटेच्या धुक्याचा शर्ट. ह्यांनी पेपर जरा खाली केला. "नर्सिंग कॉलेज. पहिलं वर्ष."

मी आत गेले, पँट तीच ठेवली, वर शेवाळी कुर्ता चढवला. "पेट्रोल पंप. बायका ठेवत्यात आता."

शेवाळी कुर्त्याखाली मातकट पँट. "वनखातं. टोपी राह्यली."

पांढरा कुर्ता, ओल्या दगडाची पँट. "ही लॅब. रक्त काढाया घरी येत्यात न्हाईत का, त्यांचं."

मातकट पँट आणि मातकटच लांब सदरा. इथे ते जरा अडखळले, मला आशा वाटली. "आंगणवाडी... न्हाय, त्येंना साडी असती. मंग हाउसकीपिंग. मागच्या साली चारशे काढले की आमी, हाच रंग."

माझा पारा चढला. "अहो, युनिफॉर्म बाजूला ठेवा. मी कशी दिसतेय ते सांगा!"

त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला आणि खरोखर मन लावून बघितलं. "खांदा अर्धा इंच उतरलाय," म्हणाले.

मी मुलीला फोन करून सांगितलं, की तुझ्या सात नगांतून निम्म्या महाराष्ट्राची नोकरभरती होतेय. ती म्हणाली, बाबांकडे लक्ष देऊ नकोस, सोलापूरच्या बाहेर असं कुणी बघत नाही. मी म्हटलं, पण बाहेर मी राहत नाही ना. मी सोलापुरातच राहते.

आणि ह्यांच्याकडे दुर्लक्ष करूनही भागलं नाही. त्याच आठवड्यात पेन्शनच्या कागदांसाठी मी बँकेत गेले, अंगात धुक्याचा शर्ट आणि गडद निळी पँट. खुर्चीवर टेकले, तोच टोपी घातलेले एक म्हातारबाबा पुढे आले आणि त्यांनी पैसे भरायची स्लिप माझ्या हातात दिली. "म्याडम, एवढं भरून द्या."

"मी इथली नाही, बाबा."

"आमी तरी कुटं हितलं? दुधनीहून आलोय की. भरून द्या."

मी भरून दिली. त्यांचं झाल्यावर मागे एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे आणखी कुणीतरी. पाऊण तासाने बँकेचे साहेब स्वतः आले आणि अदबीने म्हणाले, "मॅडम, नवीन जॉइन झालात का? पंख्याखाली बसा, तिथे टेबल आहे." मी संतापाने उठले आणि माझे कागद न देताच घरी आले. ही हकिकत जेवताना ह्यांना सांगितली ती बँकेला नावं ठेवण्यासाठी. पण सांगता सांगता तोंडून निघून गेलं, की रांगेतल्या एका मुलीने मला सवयीने 'बाई' म्हटलं आणि ते ऐकून बरं वाटलं. महिन्याभरात कुणी म्हटलं नव्हतं. हे भाकरी कुस्करत होते, कुस्करतच राहिले.

आठवा नग सगळ्यांत उशिरा आला. एका मुलीने घरच्या दोन खोल्यांत काढलेलं लेबल, तिचा तो पहिलाच हंगाम. रंग जुनी वीट. लांब कुर्ता, गळा तिरका, उजव्या कुशीपासून डाव्या गुडघ्यापर्यंत उतरत गेलेली एकच चुणी. घातला आणि आरशासमोर उभी राहिले, तर आरशात अठ्ठावन्न वर्षांची एक बाई होती आणि ती कुठल्याच खात्यात नोकरीला नव्हती. मी स्वतःला इतका वेळ कधी बघितलं नव्हतं.

बाहेर आले. हे चहा पीत होते. वरून खाली बघितलं, परत वर बघितलं. चहावर साय धरली. उठले, माझ्याभोवती एक फेरी मारली, चुणी कुठून निघते ते वाकून बघितलं, आणि शेवटी म्हणाले, "हे कुणाचंच न्हाय."

मी हवेत. लग्नानंतरचं हे पहिलं कौतुक. दुसरं कुणी असतं तर त्या कौतुकावर वर्षभर जगलं असतं, पण माझी जीभ गप्प बसत नाही. "खिसा नाही बघा," मी म्हणाले. "एवढी शिकलेली मुलगी, एवढं डोकं चालवलंय, आणि खिसा नाही! बायकांनी रुमाल काय डोक्यावर ठेवायचा?"

"खांदा बी उतरलाय जरा," हे म्हणाले. "आण हिकडं. कारखान्यात नीट करून आणतो."

खांदा उतरलेला मला चालणार नव्हता, मी कुर्ता दिला. तो तीन आठवडे परत आला नाही. रोज विचारायचे, रोज "हुतंय की" असं उत्तर मिळायचं. समारंभाच्या आदल्या संध्याकाळी, मी भांडणाच्या पूर्ण तयारीत असताना, कडक इस्त्री होऊन कागदात गुंडाळलेला कुर्ता आला. खांदा अगदी बरोबर बसत होता. मी भांडण मागे घेतलं.

शनिवारी सकाळी मी कुर्ता घातला, गजरा माळला आणि रिक्षाने शाळेत गेले. हे आधीच गेले होते, काहीतरी मदत करायची आहे म्हणून. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. हे लग्नातसुद्धा अक्षता पडायच्या वेळी पोचतात.

हॉलच्या दारात मुख्याध्यापिका बाई हात जोडून उभ्या होत्या. जुनी वीट, तिरका गळा, चुणी उजव्या कुशीतून डाव्या गुडघ्याकडे. त्यांच्या मागे चित्रकलेच्या बाई. जुनी वीट. गणिताच्या बाई, इंग्रजीच्या बाई, पीटीच्या बाई. वीट, वीट, वीट. मी मोजलं. अकरा. माझ्यासकट बारा.

"सरप्राइज!" मुख्याध्यापिका बाई टाळी वाजवून म्हणाल्या. "मास्तरांची आयडिया. तुम्हाला कळू द्यायचं नाही असं बजावलं होतं. आमची कुणाची मापंसुद्धा घेतली नाहीत त्यांनी, गेटवर उभं राहून नुसतं बघितलं! आणि मला चाळीस बरोब्बर बसला बघा." त्यांचा चव्वेचाळीस आहे हे मलाही दिसत होतं. ह्यांनी चव्वेचाळीसच कापून आत चाळीसची पट्टी लावली होती, हे मला नंतर कळलं.

पहिल्या रांगेत आमचे हे पांढरा शर्ट घालून, हातांची घडी करून बसले होते. ऑर्डर वेळेत पोचल्यावर त्यांचा जो चेहरा होतो, तो चेहरा होता. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला, की कानशिलं तापली. एक गोष्ट मागितली होती मी, एकच. डोळ्यांत पाणी आलं, तर सगळ्याजणींनी मला जवळ घेतलं, बाईंना भरून आलं म्हणून. भरून बिरून काही आलं नव्हतं.

पुढचं सगळं व्हायचं तसंच झालं. फोटोग्राफरने माइकवरच विचारलं, "सत्कारमूर्ती कोण आहेत? जरा हात वर करा." प्रमुख पाहुणे शाल घेऊन उठले आणि सरळ चित्रकलेच्या बाईंना घालून मोकळे झाले, कारण त्या सगळ्यांत जवळ उभ्या होत्या. त्या बिचाऱ्या संकोचाने काही बोलल्या नाहीत, नारळही घेतला. मग कुजबुज झाली, शाल तिथून काढून माझ्या खांद्यावर आली, ती चांगलीच गरम होऊन. कारण माझा कुर्ता हातमागाचा होता, पण ह्यांनी बाकीच्या अकराजणींना कारखान्यातलं टेरिकॉट घातलं होतं, शाळेच्या पोरांना दहा वर्षं टिकतं ते. मार्चच्या सोलापुरात त्या अकराजणी घामाने निथळत होत्या आणि तरीही माझ्याकडे बघून गोड हसत होत्या.

भाषणाला उठले. तोंडपाठ केलेलं सगळं पुसलं गेलं होतं. मनात फक्त घरी गेल्यावर ह्यांना काय काय बोलायचं याची यादी होती. कपाळावर घाम आला. रुमालासाठी डावा हात सवयीने कमरेकडे गेला आणि खाली घसरला, तो आतच गेला.

खिसा होता. डाव्या शिवणीत, बाहेरून दिसणार नाही असा, माझा हात मनगटापर्यंत मावेल एवढा. तळाशी बोटांना काहीतरी चपटं लागलं. बाहेर काढलं तर शिंप्यांचा त्रिकोणी खडू, निम्मा झिजलेला.

मी समोर बघितलं. अकराजणी ओळीने बसल्या होत्या. गणिताच्या बाईंनी खिशातून रुमाल काढला, उजव्या. मुख्याध्यापिका बाईंचा मोबाइल वाजला, त्यांनी तो बंद करून परत ठेवला, उजव्या. पीटीच्या बाईंची शिट्टीची दोरी लोंबत होती, उजव्या खिशातून. मी सगळ्यांचे खिसे बघत माइकसमोर उभी होते. मग मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. शाळेतल्या मुली सांगतात, की बाई "बसा" म्हणाल्या आणि स्वतःच खाली बसल्या.

घरी आल्यावर चप्पलही न काढता सुरू केलं. "मी ओरडून सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाच्या अंगावर असता कामा नये, असं. ऐकलं नव्हतं तुम्ही?"

"ऐकलं की."

"मग?"

ते खाटेवर टेकले, बूट काढायला लागले. "त्या सोमवारी साडी नेसून कोपऱ्यावरनं परत आलीस, ती बघितली हुती मी. आन ती बँकंतली गोष्ट. तोंडानं म्हणतीस एकटं दिसायचंय, पर एकटीला करमत न्हाय तुला. मला वाटलं, जाताना तरी समद्यांच्यात असावीस."

मी काहीतरी लागेल असं बोलणार होते. ते सोडून विचारलं, "आणि खिसा डावीकडे का?"

"मंग कुटं?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "तू डावखुरी. उजवीकडं लावून काय उपेग?"

लग्नापासून एकदाही डावखुरी हा शब्द ह्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यांना ते माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं. "एकासाठी टेबल कोण लावतंय?" मी म्हणाले.

"टेबल कुटं लावलं? त्यो खिसा हातानं घातलाय. जेवणाच्या सुट्टीत बसून. म्हणून तर उशीर झाला." मग हात पुढे करून म्हणाले, "खडू राह्यला वाटतं माजा आत. दे."

मुलीला हे सगळं कळल्यावर ती भडकली ती वेगळ्याच कारणाने. कुणाचं डिझाइन असं परस्पर उचलायचं नसतं, म्हणाली, आणि ते बरोबरच होतं. मग मी त्या लेबलवाल्या मुलीला फोन करून कबुली दिली, आमच्या मास्तरांनी तुझा कुर्ता उसवला, नमुना घेतला आणि अकरा काढले, तेही खिसे लावून. रागावण्याऐवजी तिने विचारलं, चुणीचा उतार बिघडू न देता शिवणीत खिसा कसा बसवला? ह्यांना फोन दिला. दोघं अर्धा तास बोलत होती, आणि इतकं माझ्याशी हे वर्षात बोलत नाहीत.

शाळेने तो कुर्ता शनिवारचा युनिफॉर्म करून टाकला. पुढच्या खेपेला सुती कापड घालायचं ह्यांनी कबूल केलंय. बाकीचे सात नग मी वापरते; बँकेत आता पंख्याखालच्या टेबलाशी आपणहून स्लिपा भरून द्यायला बसते, मंगळवारी. वीट शनिवारी घालते, बाकी अकराजणी घालतात त्याच दिवशी.

खिशाचे टाके एकदा उजेडात उलटे करून बघितले. वाकडे आहेत, एक मोठा तर एक बारीक, मध्ये दोन ठिकाणी गाठ. कापणाऱ्याला शिवता येत नाही. शेजारच्या काकूंनी बघितलं तर म्हणतील सेकंड माल, म्हणून त्यांना दाखवलेले नाहीत. खडू ह्यांनी अजून दोनदा मागितला, मी दिलेला नाही.